गावाच्या खोलीचा उंबरा

आमच्या राजाध्यक्ष मॅडमना वॉर्डात काळ्या जिभेची बाई म्हणायचे. नातेवाईक म्हणायचे, आयाबाया म्हणायच्या, आणि फारच वैताग आला की मनातल्या मनात मीही म्हणायचे. मी सीमा, परळच्या आमच्या हॉस्पिटलातली समाजसेविका. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग गेलेली माणसं ज्या वॉर्डात येतात, तिथे माझं अर्धं आयुष्य गेलं. डॉक्टर शरीराचं बघतात, मी घराचं बघते. पेशंटला उचलणार कोण, संडास किती लांब आहे, बायको टिकेल की माहेरी जाईल, असले नको ते प्रश्न विचारायचं माझं काम.

मॅडम मूळच्या गिरगावातल्या. घरी त्यांना अजून नलू म्हणतात, हे मला त्यांच्या भावाचा फोन उचलल्यामुळे कळलं. नाहीतर ह्या बाईला कोणी अगंतुगं करत असेल ह्यावर माझा विश्वास बसला नसता. वडील बँकेत कारकून, घरात पहिली डॉक्टर ही. हुशार मुलगी, सर्जन होईल असं सगळे धरून चालले होते, आणि हिने निवडलं पुनर्वसन. ‘जिथे कोणी बरंच होत नाही तिथे डॉक्टरचं काय काम?’ असं त्यांच्या सरांनी भर वर्गात विचारलं होतं म्हणे. मॅडमनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. उत्तर देण्यात त्यांनी वेळ घालवला नसेल.

त्यांची पद्धत ठरलेली होती. ऑपरेशन होऊन, सूज उतरून, पुन्हा पुन्हा तपासून खात्री पटली की त्या घरच्यांना बोलवायच्या. कॉटशेजारी स्टूल ओढून बसायच्या, म्हणजे त्यांचे डोळे आणि पेशंटचे डोळे एका पातळीत यायचे. मग सांगायच्या, ‘हे पाय आता चालणार नाहीत. औषधाने नाही, मालिशने नाही, कशानेच नाही. पण तू जगशील, कमावशील, घराबाहेर पडशील. खुर्चीवर बसून.’ आवाज वर नाही, खाली नाही. बायका रडायला लागायच्या, बाप भांडायला उठायचे, मॅडम बसून राहायच्या. ‘बघू’, ‘प्रयत्न करू’, ‘देवाच्या हातात आहे’ ही वाक्यं आमच्या वॉर्डात बंद होती. एका शिकाऊ डॉक्टरने कोणालातरी ‘चमत्कारही होतात’ असं म्हटलं, तर मॅडमनी त्याला दिवसभर चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी चहा आणायला लावला.

ह्या कडकपणाला कारण होतं. फार पूर्वी दीपक नावाचा एक मुलगा वॉर्डात होता. त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून आशेवर ठेवलं होतं. मॅडम तेव्हा नव्या होत्या, त्याही ‘बघू’ म्हणाल्या होत्या. घरच्यांनी त्याला इथून उचलून ह्या वैद्याकडे, त्या मालिशवाल्याकडे फिरवलं. कोणीतरी पायांना गरम शेक दिला. त्या पायांना भाजलेलं कळत नव्हतं, त्यामुळे शेक चालूच राहिला. भाजल्याच्या जखमा चिघळल्या आणि दीपक गेला. मॅडम भोईवाड्याच्या स्मशानात आल्या होत्या आणि शेवटपर्यंत थांबल्या होत्या. त्यानंतर त्यांच्या तोंडून ‘बघू’ कधी ऐकलं नाही.

आणि सांगायला हवं, की त्यांचं ऐकलं ती माणसं जगली. एकजण हिंदमाताजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकावर खेकसतो. एक बाई बुटका ओटा करून घेऊन पोळीभाजीचे डबे देते. खुर्ची ही आमच्याकडे शिक्षा नव्हती. खुर्ची म्हणजे अंथरुणातून सुटका होती. अंथरुणात पडून राहिलेल्या माणसाला कुल्ल्यांवर, माकडहाडावर बेडसोअर होतात, ते हाडापर्यंत जातात, जंतू रक्तात शिरतात आणि माणूस जातो. एवढं साधं गणित होतं.

वैभव परब कॉटन ग्रीनच्या एका गोदामात माल मोजून घ्यायच्या कामावर होता. गोण्यांची थप्पी घसरून त्याच्या पाठीवर आली. बेंबीपासून खाली काही उरलं नाही. वय ऐन लग्नाचं, स्वभाव हसरा. पहिल्या आठवड्यातच त्याने मला विचारलं, ‘सीमाताई, ह्या नळीला रात्री पण सुट्टी नाही का?’ लघवीच्या नळीबद्दल विचारत होता. मला तो आवडला. पेशंट आवडू नये असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, तो असा अधूनमधून मोडतो.

मॅडमनी स्टूल ओढलं. कॉटच्या एका बाजूला वैभवचे वडील कुशाबा, दुसऱ्या बाजूला आई शेवंतीबाई. मॅडमनी नेहमीचं सांगितलं. वैभवने डोळे मिटून घेतले. शेवंतीबाईंनी पदर तोंडात कोंबला. कुशाबा मात्र उभे राहिले. किडकिडीत म्हातारा, पण आवाज खणखणीत.

‘बाई, तुमच्या तोंडाक येता तां बोला नकात. माझो झील चलतलो.’

‘नाही चालणार,’ मॅडम म्हणाल्या.

कुशाबा तसेच वॉर्डातून निघाले ते लालबागला गेले, गावाच्या खोलीवर. ही गावाची खोली काय असते ते सांगते. कोकणातली माणसं गिरण्यांत लागली तेव्हा एकेका गावाने चाळीत मिळून एकेक खोली घेतली होती. गावाहून आलेला एकटा पुरुष त्या खोलीत पडायचा, तिथेच जेवायचा, तिथूनच पाळीला जायचा. आता तिथे राहतं कोणी नाही, पण खोली आहे. भिंतीवर ग्रामदेवाचा, रवळनाथाचा मोठा फोटो, रविवारी मंडळाची बैठक, आणि कोणाच्या घरी संकट आलं की तिथे गाऱ्हाणं घालतात. सगळ्यांत वडीलधारा माणूस देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकदा ‘व्हय म्हाराजा’ झालं की ते बोलणं एकट्याचं राहत नाही. गावाचं होतं, देवाचं होतं, मग त्यात मागेपुढे करता येत नाही.

त्या दिवशी गाऱ्हाणं घातलं अप्पांनी. अप्पा म्हणजे मंडळातले सर्वांत जुने, त्यांचा शब्द शेवटचा. कुशाबा रागाने थरथरत होते आणि त्या रागातच अप्पांकडून वदवून घेतलं गेलं, की कुशाबाचो झील आपल्या पायांनी ह्या खोलयेचो उंबरो वलांडत नाय, तवसर ती चाकाची खुर्ची तेच्या घरात येवची नाय. व्हय म्हाराजा.

शेवंतीबाईंनी हे मला डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं, तेही खाली मान घालून. मी कपाळाला हात लावला. आम्ही खुर्ची तयार ठेवली होती, वैभवच्या मापाची. परबांची खोली नायगावच्या चाळीत तळमजल्यावर, दाराशी एक पायरी, तीही मी फळी टाकून घेतली होती. गोदामाच्या शेठने वैभवला कॉम्प्युटरवर बसवायचं कबूल केलं होतं, मॅडम स्वतः जाऊन टेबलाची उंची बघून आल्या होत्या. सगळं जुळून आलं होतं. आणि खुर्चीला घरात यायला बंदी.

वैभव घरी गेला तो चटईवर. दिवसभर पाठीवर. दोन-दोन तासांनी कूस बदला म्हणून शिकवून पाठवलं होतं, पण शेवंतीबाई एकट्या, त्यांच्या मनगटात जोर किती. वैभव वॉर्डात परत आला तेव्हा माकडहाडावर जखम होती. ती भरून यायला फार वेळ गेला. मॅडम रोज स्वतः ड्रेसिंग बघायच्या. एकदा हातमोजे काढता काढता म्हणाल्या, ‘सीमा, हा दीपकच्या वाटेने चाललाय.’ त्यांच्या तोंडून दीपकचं नाव मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या सगळ्या आयुष्यात बसणारं नव्हतं. मला म्हणाल्या, ‘रविवारी चल. त्या खोलीवर जाऊ.’

खोलीत अप्पा भिंतीला टेकून बसले होते. मॅडमनी चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर मांडी घातली आणि सरळ विचारलं, ‘उंबरा ओलांडला की तुमचा शब्द पुरा होईल ना?’

‘शब्द पुरो झालो की झालो,’ अप्पा म्हणाले. ‘देव काय कोर्टात जाता? पण तो वलांडतलो कसो? पाय गेले असा तुम्हीच सांगितलास ना?’

‘पाय गेलेलेच आहेत. मी त्याच्या पायांना कमरेपासून घोट्यापर्यंत सळ्या बांधीन. त्यावर तो ताठ उभा राहील, आणि हातातल्या कुबड्यांवर अंग उचलून उंबऱ्याच्या आत येईल. एकदाच. ह्याला चालणं म्हणत नाहीत, अप्पा. हे हातांचं काम आहे. हे सगळ्यांना आधी समजावून सांगा.’

‘सांगतंय.’

‘आणि त्यानंतर खुर्ची घरात येईल.’

‘येतली.’

कुशाबांनाही बोलावलं. त्यांनी देवाच्या फोटोला हात लावून मान डोलावली. परत येताना आम्ही टॅक्सी केली. मीच म्हटलं, ‘मॅडम, हे बरं केलंत. त्यांच्याच वाटेने जाऊन काम होतंय.’ त्या म्हणाल्या, ‘होऊ दे आधी.’

वैभवला उभं करायचं काम अनिशकडे होतं, आमचा फिजिओथेरपिस्ट. तो पहिल्या दिवसापासून कुरकुरत होता. ‘मॅडम, ही सर्कस आहे. मणक्याच्या ह्या लेव्हलला इजा झालेला पेशंट चार पावलांत दमून जातो. ह्याने तो कुठे जाणार आहे?’ मॅडम म्हणाल्या, ‘उंबऱ्याच्या आत.’ अनिशने खांदे उडवले आणि कामाला लागला. समांतर दांड्यांमध्ये वैभव घामाघूम व्हायचा. सळ्यांत बांधलेले पाय त्याच्या अंगाला दोन वासे बांधल्यासारखे लटकायचे. हातांवर अंग उचलायचं, कंबर पुढे झोकायची, दोन्ही पाय एकदम पुढे टाकायचे. पडला की हसायचा. ‘अनिशभाय, रिप्लाय तरी द्यायला सांग ना ह्यांना,’ असं पायांकडे बघून म्हणायचा. त्याला सगळं स्वच्छ माहीत होतं. मला म्हणाला होता, ‘ताई, एकदा ती नाटकं संपली ना, की खुर्ची घेऊन पहिला गोदामात जाणार. बॉडी सडली इथे पडून.’

तो रविवार आला. खोलीबाहेर गॅलरीत माणसं मावत नव्हती. नालासोपारा, डोंबिवली, कुठून कुठून गावातले लोक आले होते. फोन वर धरलेले. उंबऱ्यापासून थोड्या अंतरावर अनिशने वैभवला खुर्चीतून उठवून सळ्यांचे गुडघे लॉक केले. वैभव उभा राहिला. इतक्या दिवसांत तो उभा असताना किती उंच आहे हे शेवंतीबाई विसरल्या असाव्यात. त्या वर मान करून बघत राहिल्या.

एक उडी. दुसरी. उंबऱ्याशी आल्यावर त्याच्या हातांना कापरं भरलं. अनिश मागून कंबरेचा पट्टा धरायला पुढे झाला, तर कुशाबा ओरडले, ‘धरू नको तेका.’ वैभवने दात आवळले, अंग उचललं, आणि दोन्ही पाय धाडकन उंबऱ्याच्या आत आपटले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका रडत होत्या, पुरुषही रडत होते. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यांना धार लागली. मी देवाधर्मातली आहे, दर मंगळवारी उपास करते. माहीत होतं तरी त्या क्षणाला मलाही वाटलं की काहीतरी झालं.

अप्पा देवासमोर उभे राहिले, हातात नारळ. मॅडम दाराशी भिंतीला लागून उभ्या होत्या. शेजारच्या बाईने त्यांना हळूच सांगितलं, ‘सगळ्यांबरोबर व्हय म्हाराजा म्हणायचं हां, डॉक्टर.’ मॅडमनी मान हलवली आणि हात जोडले.

‘बा देवा रवळनाथा म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

‘कुशाबाच्या झिलान आज तुझो उंबरो आपल्या पायांनी वलांडल्यान.’

‘व्हय म्हाराजा.’

‘दिलेलो शब्द पुरो झालो.’

‘व्हय म्हाराजा.’

इथे थांबायचं होतं. इथे ‘आता खुर्चीक घरात येवक देस’ असं अप्पांनी म्हणायचं ठरलं होतं. पण अप्पांनी वळून वैभवकडे पाहिलं, सळ्यांवर ताठ उभा, घामाने निथळत असलेला. आणि म्हातारा वाहवत गेला.

‘आता जसा तेका उभा केलंस, तसाच तेका चलव, धावव, म्हाराजा. परत तेका कसल्या खुर्चेची गरज लागूची नाय असा कर, म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळी खोली गरजली. त्यात मॅडमचाही आवाज होता. मी त्यांच्या शेजारीच होते. लयीत तोंडातून निघून गेलं. त्यानंतर त्यांचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं, आणि माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

बोला, मी त्यांना मनातून ओरडून सांगत होते. आत्ता बोला. सगळ्या जन्मात जे कॉटशेजारी बसून बोललात ते आत्ता इथे उभं राहून बोला. पण समोर शेवंतीबाई त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडत होत्या, लोक फोनवर सगळं घेत होते, वैभवच्या गळ्यात हार पडत होता. मॅडम वाकून शेवंतीबाईंना उठवत राहिल्या. मला त्या गोष्टीचा आजही राग येतो. राग कोणाचा ते मात्र ठरवता येत नाही.

खाली आल्यावर त्यांनी कुशाबांना गाठलं. ‘आता खुर्ची घरी न्यायची. ठरलंय आपलं.’

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मायाच होती. ‘आता खुर्ची कित्याक, बाई? देवान उभा केल्यान तेका मी परत बसवू? तुम्ही पण व्हय म्हटलास ना.’

खुर्ची त्या दिवशी आमच्याबरोबर परत आली.

पुढचं सांगायला जिवावर येतं. मी नायगावला चकरा मारल्या, मॅडम स्वतः दोनदा गेल्या. अप्पांकडेही गेल्या. अप्पा म्हणाले, झालेला गाऱ्हाणा फिरवूचा तर देवाक काय सांगू, की नको चलवू? वैभवला घरात सकाळ-संध्याकाळ सळ्या बांधून उभा करायचे. पाहुणे यायचे, गावचे लोक यायचे, तो दारात चौकटीला टेकून उभा असायचा आणि सगळे त्याला बघून जायचे. उरलेला दिवस चटईवर. सळ्यांचा पट्टा मांडीच्या वर घासत होता, त्याला कळत नव्हतं. गोदामाच्या शेठने काही दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला.

मी एकदा वैभवला एकट्याला गाठलं. ‘तू का नाही सांगत? तुला तर सगळं माहीत आहे. तू म्हण ना, मला खुर्ची पाहिजे.’

तो म्हणाला, ‘ताई, बाबांना आता खोलीत पुढे बसवतात. नारळ त्यांच्या हातात देतात. आधी कोण विचारायचं नाय त्यांना, दाराशी बसायचे. रात्री मला सांगतात कोण कोण भेटलं, काय बोललं.’ आणि मग, ‘त्यांना काय सांगू मी? की देवाने नाय, नट-बोल्टने उभा केला?’

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि ओपीडीला निघून गेल्या.

वैभवला तापात आणलं तेव्हा जखम जुन्या जागी पुन्हा फुटली होती, आणि मांडीच्या वर नवी होती. हाड दिसत होतं. जंतू रक्तात गेले होते. त्याला पालथं झोपवलं, छातीखाली उशी, तोंड भिंतीकडे. पाठीला हवा लागावी म्हणून तसंच झोपवावं लागतं. मॅडमनी कोणते अँटिबायोटिक द्यायचे राहिले आहेत ते पाहिलं. फार राहिले नव्हते. त्यांच्या निवृत्तीचा महिना जवळ आला होता, डिपार्टमेंटने निरोपाचं काहीतरी ठरवलं होतं. मॅडमनी ते बंद करायला सांगितलं.

त्याच सुमारास कोकणातून एक माणूस आला. त्याचा मुलगा राकेश, आंब्याच्या झाडावरून पडलेला, आमच्याच वॉर्डात भरती. तपासण्या झाल्या, खात्री झाली, मॅडमनी स्टूल ओढलं आणि नेहमीसारखं सांगितलं. हे पाय आता चालणार नाहीत. आवाज तोच, शब्द तेच.

तो माणूस भांडला नाही. त्याने खिशातून फोन काढला आणि मॅडमपुढे धरला. व्हिडिओ होता. वैभव उंबऱ्याच्या आत उडी मारतोय, अप्पांचा आवाज, ‘व्हय म्हाराजा’. कोणीतरी खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, रवळनाथाची कृपा. सगळ्या जिल्ह्यात फिरला होता म्हणे तो.

‘ह्यात तुम्ही आहात, मॅडम,’ तो नम्रपणे म्हणाला. ‘ह्या बघा, दाराशी. तुम्ही पण व्हय म्हाराजा म्हणताय. आम्ही तुमचं नाव ऐकूनच आलो. माझ्या पोराला पण असंच करा.’

मॅडम स्क्रीनकडे बघत होत्या. व्हिडिओ संपला, त्याने पुन्हा लावला. राकेश कॉटवरून मान उंचावून बघायचा प्रयत्न करत होता. शेवटी मॅडम उठल्या. ‘चला माझ्याबरोबर,’ म्हणाल्या. ‘ह्या मुलाला भेटा. तोच सांगेल तुम्हाला.’

वैभवची कॉट वॉर्डाच्या टोकाला होती. कुशाबा उशाशी बसले होते, मुलाच्या केसांतून हात फिरवत. शेवंतीबाई दूध गरम करून आणायला गेल्या होत्या. मॅडमनी स्टूल घेतलं नाही. भिंतीच्या बाजूने जाऊन त्या जमिनीवर उकिडव्या बसल्या, म्हणजे वैभवच्या तोंडासमोर त्यांचं तोंड आलं. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

‘वैभव, हे कोकणातून आलेत. ह्यांच्या मुलाला तुझ्यासारखंच झालंय. ह्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय. तू ह्यांना खरं सांग. त्या दिवशी तू चाललास का?’

वैभवचे डोळे तापाने लाल होते. त्याने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं त्याला सांगायचं होतं. त्याचे ओठ हलले. पण कुशाबांचा हात त्याच्या केसांवर थांबला होता.

‘चाललो,’ वैभव म्हणाला. आवाज अगदी बारीक. ‘माझ्या पायांनी चाललो.’

कुशाबांचा हात पुन्हा फिरायला लागला.

मॅडमनी मान खाली घातली. कोकणातला तो माणूस डोळे पुसत कॉटच्या पायथ्याशी गेला. त्याने चादर बाजूला केली, वैभवची दोन्ही पावलं हातांत धरली आणि त्यांच्यावर कपाळ टेकवलं. तो हमसून हमसून रडत होता, पण आवाज दाबून, पेशंटला त्रास होऊ नये म्हणून. वैभव पालथा, तोंड भिंतीकडे.

‘मॅडम,’ थोड्या वेळाने वैभवने विचारलं, ‘गेले का ते?’

मॅडमनी पायथ्याकडे पाहिलं. तो माणूस अजून तसाच वाकलेला होता.

‘हो,’ मॅडम म्हणाल्या. ‘गेले.’